हॉस्टेलची खिडकी

वाजिदभाईंना नंबर सांगितलेला चालायचा नाही. "तीन नंबरच्या खोलीत नेट गेलंय," असा फोन गेला की पलीकडून शांत आवाज यायचा, "तिथं कोण बसतं?"

"डॉक्टर मॅडम बसतात. कुलकर्णी मॅडम."

"मग तसं म्हणा ना. नंबर नको, नाव सांगा."

कँटीनमधल्या पोरानं टोकनचा नंबर पुकारला तर हे जागचे हलायचे नाहीत. चहा गार होऊन जायचा. शेवटी पोरगा "वाजिदभाई, चहा" म्हणायचा, मग उठायचे. दवाखान्यात नव्यानं आलेल्या लोकांना तो विक्षिप्तपणा वाटायचा आणि ते हसायचे. आम्ही जुनी माणसं हसत नसू. ते पूर्वी असे नव्हते, हे आम्हाला ठाऊक होतं. आणि मला तर ते कुठल्या सकाळी असे झाले तेही ठाऊक होतं, कारण त्या सकाळी मी तिथंच उभी होते.

लातूरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी समाजसेविका म्हणून काम करते. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायचं, त्यांना धीर द्यायचा, कागदपत्रं समजावून सांगायची, हे माझं काम. माझं माहेर मुरुडचं. वाजिदभाई नांदेडचे. इतवाऱ्यात त्यांच्या अब्बांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आजोबांच्या वेळेपासूनचं. रेडिओ संपले, दुकान भावानं मोबाईलचं केलं, आणि वाजिदभाई कॉम्प्युटर शिकून आमच्याकडं नेटवर्क सांभाळायला आले. लातूरला भाड्याची खोली, शनिवारी एसटीनं नांदेड, सोमवारी परत. उंच, किडकिडीत, बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट आणि खिशात पेनासारखी बॅटरी. त्यांची बायको शमीमभाभी घरी शिवणकाम करायच्या. त्यातल्या कापडाच्या चिंध्या हे पिशवीत भरून आणायचे आणि वायरी बांधायला वापरायचे. दवाखान्याच्या वायरी हिरव्या चिंधीनं बांधलेल्या, ऑफिसच्या जांभळ्या. कुणी चेष्टा केली तर म्हणायचे, "प्लॅस्टिकची पट्टी कापावी लागते. गाठ सोडता येते."

काम करताना ते शीळ घालायचे. हळू, दातांच्या फटीतून. जिन्याखालून शीळ आली की समजायचं, वाजिदभाई आज खालच्या मजल्यावर आहेत. त्यांना शोधायला कधी फोन करावा लागला नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या खाटा पुरेनात. मग पलीकडचं नर्सिंग कॉलेजचं मुलींचं हॉस्टेल रिकामं करून तिथं वॉर्ड काढला. नातेवाइकांना आत सोडता येत नव्हतं. दिवसभर माणसं गेटबाहेर लिंबाच्या झाडाखाली बसून राहायची आणि आपलं माणूस जिवंत आहे का, एवढंच विचारायची. माझ्याकडं सांगायला काही नसायचं. एक दिवस मी वाजिदभाईंना म्हटलं, "यांना निदान चेहरा दाखवता आला असता."

ते म्हणाले, "बघतो."

दोन दिवसांत त्यांनी गेटजवळच्या पत्र्याच्या शेडला दोन खिडक्या केल्या. प्रत्येक खिडकीत एक स्क्रीन आणि माईक. आत प्रत्येक खाटेशी एक टॅब लटकवला. नातेवाइकानं पहिल्या खिडकीत बसावं, तर मुख्य दवाखान्यातली खाट दिसावी. दुसऱ्या खिडकीत बसावं, तर हॉस्टेलमधली.

अडचण एकच होती. हॉस्टेलचं नेटवर्क कॉलेजनं कधीकाळी वेगळं बसवलेलं होतं आणि त्यातल्या मशीनचे पत्ते हुबेहूब दवाखान्यातल्यासारखे होते. सगळे पत्ते बदलत बसायला वेळ नव्हता. तेव्हा वाजिदभाईंनी मुख्य स्विचच्या, म्हणजे सगळ्या वायरी जिथं येऊन मिळतात त्या पेटीच्या, पोटातच दोन वेगळे मार्ग केले. त्याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. मला त्यांनी असं समजावलं: "ताई, शिवाजी चौक लातूरला हाय, नांदेडला हाय, उदगीरला हाय. पत्ता सारखाच. पण पोस्टमनला गाव ठाऊक असलं की चिठ्ठी चुकत न्हाई. मी या एका पेटीत दोन गावं वसवून राहिलो. याचं त्याला माहीत न्हाई, त्याचं याला माहीत न्हाई. इकडं चौदा नंबरची खाट, तिकडंबी चौदा नंबरची खाट. भांडण न्हाई."

"आणि खिडक्या?"

"एक खिडकी या गावची, एक त्या गावची."

हॉस्टेलच्या खिडकीची वायर त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुसऱ्या गावात घातली. स्क्रीनवर हॉस्टेलची पहिली खाट दिसली, खाटेवरच्या म्हातारबानं हात जोडले, आणि वाजिदभाई खूश होऊन शीळ घालायला लागले. तेवढ्यात अतिदक्षता विभागातून फोन आला की तिथले मॉनिटर बंद पडलेत. ते तसेच पळाले. स्विचमध्ये केलेला बदल कायमचा जतन करायची एक शेवटची आज्ञा द्यायची असते, ती द्यायची राहिली. मशीन चालू आहे तोवर त्यानं काही बिघडत नाही. मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालं, तर मात्र ते आधीचं लक्षात ठेवतं आणि नवं विसरतं.

दुपारी लाईट गेली. जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला, स्विचची बॅटरी तोवर टिकली नाही. थोड्या वेळानं सगळं परत चालू झालं. दोन्ही खिडक्यांचे स्क्रीन उजळले. आम्हाला हायसं वाटलं.

त्यानंतर हॉस्टेलच्या खिडकीत पहिल्या बसल्या गुरम्मामावशी.

त्या देवणीच्या. घरची शेती, गोठ्यात देवणी जातीची जनावरं. नवरा फार पूर्वी गेलेला, बसवराज हा एकुलता एक मुलगा. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. मावशी दुधाच्या टेम्पोत बसून लातूरला आल्या होत्या आणि सकाळपासून लिंबाखाली होत्या. एका डोळ्यात मोतीबिंदू. मी त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि खाटेचा नंबर दाबला. चौदा.

स्क्रीनवर एक माणूस दिसला. नाकातोंडावर मास्क, चेहरा सुजलेला, दाढी वाढलेली, डोळे अर्धे मिटलेले. बसवराजला मी कधी पाहिलं नव्हतं.

मावशी पुढं झुकल्या. त्यांच्या घरात मराठीत कानडी मिसळून बोलतात. "मगा," त्या म्हणाल्या, म्हणजे बाळा. "मगा, लई वाळलास रे."

तो माणूस बघत राहिला.

"बोलू नगंस. म्या बोलते, तू आईक. कपिली व्याली. कालवड झालीया. तुझ्यासारखंच कपाळ हाय तिचं, रुंद. म्या नाव ठिवलं न्हाई आजून. तू आलास की ठिव." मग त्या जरा थांबल्या. "आईकायला येतंय का तुला? हात वर कर बरं."

त्या माणसानं हात उचलला. सुई टोचलेला, पट्टी बांधलेला हात सावकाश वर आला, थोडा वेळ हवेत राहिला आणि खाली पडला.

मावशी बराच वेळ बोलत होत्या. पावसाचं, गोठ्याचं, कुठल्याशा पाहुण्याचं. शेवटी त्यांनी स्क्रीनवरून हात फिरवला, तो हात स्वतःच्या कपाळाला लावला आणि उठल्या. बाहेर जाऊन लिंबाखालच्या बायकांना सांगितलं, "झालं बाई बोलणं. आईकलं त्यानं. हात वर केला." टेम्पो परत निघाला होता, त्यात बसून त्या देवणीला गेल्या.

त्यांच्यानंतर खुर्चीवर एक तरुण मुलगी बसली. तिनं स्क्रीनकडं बघितलं आणि लगेच म्हणाली, "हे माझे पप्पा नाहीत."

मी वाजिदभाईंना बोलावलं. ते आले, लॅपटॉप जोडला, दोन-चार अक्षरं टाईप केली आणि थांबले. मी त्यांच्या मागं उभी होते. त्यांची मान मला दिसत होती. मानेवरून घाम खाली येत होता.

"ताई," ते म्हणाले, "या खिडकीत आत्तापर्यंत कोण बसलं?"

लाईट जाऊन आली तेव्हा हॉस्टेलची खिडकी पहिल्या गावात परत गेली होती. ज्यानं हात वर केला तो मुख्य दवाखान्यातला चौदा नंबरचा पेशंट होता.

वाजिदभाईंनी तिथल्या तिथं दुरुस्ती केली, आणि या वेळी ती जतनही केली. मग म्हणाले, "उद्या मावशी येतील तेव्हा नीट दाखवू. मी सोता बसतो बाजूला." मी देवणीला फोन लावला. मावशींकडं फोन नव्हता, शेजारच्यानं निरोप घेतला.

बसवराज दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. निरोप पोचून मावशी निघायच्या आत.

मी आणि वाजिदभाई हॉस्टेलच्या दारात उभे होतो, तेव्हा आदल्या दुपारपासूनची सलग ड्यूटी संपवून बाहेर आलेल्या सिस्टरनं आम्हाला सांगितलं. तिला खिडकीचा घोळ माहीत नव्हता, ती सहज बोलत होती. "काल त्याला सांगितलं होतं, तुझी आई आलीय, आता दिसेल म्हणून. केस नीट करून दे म्हणाला, मी फणी फिरवली. टॅबकडं तोंड करून बसवला त्याला. किती वेळ बसला होता तसाच. स्क्रीन काही लागलाच नाही. मला म्हणायचा, सिस्टर, आली न्हाई का? मी म्हटलं, येईल. संध्याकाळपर्यंत तिकडंच तोंड करून होता. झोप म्हटलं तर झोपला नाही."

एवढं बोलून ती गेली. वाजिदभाईंनी दाराची चौकट धरली होती. मी काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी नुसता हात हलवला.

त्या दिवसापासून शीळ बंद झाली. त्यामुळं एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. आपण काम करत असायचो आणि एकदम जाणवायचं की मागं कुणीतरी आहे. वळून बघावं तर वाजिदभाई, केव्हाचे उभे. कुणी घाबरून दचकलं की "माफ करा" म्हणायचे. आणि विचारायचे, "सेव्ह केलं का?" टायपिस्टला विचारायचे, फार्मसीत विचारायचे, औषधाची चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरलाही एकदा विचारलं. नंबर ऐकायचं सोडलं तेही तेव्हाच.

लाट ओसरली. हॉस्टेल मुलींना परत दिलं, खाटा हलवल्या, टॅब काढले. शेडच्या खिडक्यांना पत्रा ठोकला. पण स्विचमधलं ते दुसरं गाव त्यांनी काढलं नाही. बाहेरून तपासणीला आलेल्या एका इंजिनिअरनं विचारलं, "हा मार्ग कशाला ठेवलाय? याच्यावर एकही मशीन नाही."

"राहू द्या," वाजिदभाई म्हणाले.

"पण काही कारण?"

"कुणाला त्रास आहे का त्याचा?"

इंजिनिअर माझ्याकडं बघायला लागला. मी नजर चुकवली. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या खोलीत गेले होते, तेव्हा ते त्याच मार्गानं हॉस्टेलच्या चौदा नंबरच्या पत्त्याला हाक घालत होते. पलीकडं मशीन असलं तर उत्तराची ओळ येते. नसलं तर, उत्तर नाही, अशी ओळ येते. स्क्रीनवर उत्तर नसल्याच्या ओळी एकाखाली एक चालल्या होत्या आणि डबा न उघडता ते बघत बसले होते. मला पाहून त्यांनी स्क्रीन बंद केला नाही. "जेवलात का?" असं विचारलं फक्त.

हात वर करणारा तो दुसरा माणूस बरा होऊन घरी गेला होता. बिलोलीचा, तालमीत वस्ताद होता पूर्वी. वाजिदभाई एका शनिवारी नांदेडहून बिलोलीला गेले आणि त्याला भेटले. सोमवारी येऊन मला सांगितलं.

"काही आठवत न्हाई म्हणतो. कोण बाई, कुठली गाय, काही न्हाई. नंतर मी निघालो, तर मागून आला. म्हणाला, एक दिवस माझी आई आली होती खाटेपाशी. हात वर कर म्हणाली. मी म्हटलं, तुमची आई कुठं असते? तर म्हणतो, ती जाऊन लई वर्षं झाली. मला वाटलं, न्यायला आलीया, म्हणून केला हात वर."

हे सांगताना त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, परत काढला.

"ताई, मला देवणीला जायचंय," ते म्हणाले. "मावशीला सांगायचंय."

मी नको म्हटलं. किती परींनी म्हटलं. त्या बाईकडं तेवढंच आहे, तेही घेऊ नका, असं म्हटलं. ते ऐकून घ्यायचे. पुढं कधीतरी परत तेच काढायचे. "ती गावभर सांगत असेल, पोरगा मला बघून गेला. आणि मला ठाऊक हाय की न्हाई बघितलं. तिच्या घरातली गोष्ट मी माझ्याकडं ठेवून बसलोय." दोन-तीन वर्षं अशीच गेली. शेवटी मी म्हटलं, चला, मी येते. ते एकटे गेले असते तर मला राहवलं नसतं.

उदगीरहून देवणीची गाडी धरली. मावशींचं घर गोठ्याला लागूनच होतं. मोतीबिंदू काढलेला, दोन्ही डोळे आता चांगले दिसत होते. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. वाजिदभाईंना ओळखण्याचं कारणच नव्हतं. भिंतीवर बसवराजचा फोटो होता. मी तो पहिल्यांदाच पाहत होते. कपाळ खरंच रुंद होतं.

वाजिदभाई बाजेवर बसले नाहीत. खाली बसले, मावशींच्या समोर. आणि सांगितलं. पेटी, गावं, पत्ता असलं काही बोलले नाहीत. "मावशी, त्या दिवशी तुम्ही ज्याच्याशी बोललात तो तुमचा बसवराज नव्हता. दुसरा पेशंट होता. माझ्या हातून चूक झाली. मशीन मी लावलं होतं."

मावशी त्यांच्याकडं बघत राहिल्या. गोठ्यात कुठलंतरी जनावर साखळी ओढत होतं. मला वाटलं, आता त्या ओरडतील, शिव्या देतील, आम्हाला हाकलतील. मला ते चाललं असतं.

"त्येनं हात वर केला," त्या म्हणाल्या.

"हाव. त्यानं केला."

"माझ्या बोलण्यावर केला."

"हाव, मावशी."

मग मावशींनी फोटोकडं बघितलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, जसं शेजारणीला विचारावं तसं, "मग त्या येळंला माझा काय करीत होता?"

मी मान खाली घातली. सिस्टरचे शब्द जसेच्या तसे माझ्या कानात होते. फणी, टॅबकडं केलेलं तोंड, आली न्हाई का. वाजिदभाईंच्याही कानात असणारच. हा माणूस खरं बोलायला एवढ्या लांब आला होता.

"झोपला होता," वाजिदभाई म्हणाले. "गाढ झोप लागली होती त्याला. सिस्टर म्हणाली, उठवायचं जिवावर आलं."

मावशींनी एकदा मान हलवली. परत एकदा हलवली. "त्याला झोप लई," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून. उठवून उठवून माझा जीव जायाचा." आणि पदर डोळ्याला लावून त्या उठल्या, आत जाऊन आम्हाला दूध घेऊन आल्या. आम्ही ते प्यालो. निघताना त्यांनी वाजिदभाईंच्या डोक्यावर हात ठेवला. वाजिदभाई इतके उंच, त्यांना वाकावं लागलं.

उदगीरपर्यंत आम्ही शेजारी बसून आलो. स्टँडवर त्यांची नांदेडची गाडी लागलेली होती, माझी लातूरची यायची होती. मी म्हटलं, "सोमवारी भेटू." त्यांनी "हाव" म्हटलं. ते सोमवारी आले नाहीत. नंतरही नाहीत. राजीनामा आला, आणि मागाहून त्यांच्या जागी एक तरुण इंजिनिअर आला. भावाच्या दुकानात बसतात असं कुणी सांगितलं, कुणी म्हणालं तेही सोडलं. मी दोनदा फोन केला. शमीमभाभींनी उचलला. "नमाज पढून राहिले," म्हणाल्या, दोन्ही वेळा.

पण त्या दिवशी स्टँडवर मला यातलं काही माहीत नव्हतं. ते गाडीत चढले आणि खिडकीशी बसले. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी मागं सरकायला लागली तसं त्यांनी खिडकीची काच ओढून उघडली आणि मला जवळ बोलावलं. मी गाडीबरोबर चालत खिडकीपाशी गेले.

"ताई," ते म्हणाले, "दुपारपासून संध्याकाळपर्यंत म्हणजे लई वेळ झाला. एवढ्या वेळात एकदा तरी त्याचा डोळा लागला असेल ना? थोडा तरी?"

"लागला असेल," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी खरं बोलतेय का हे शोधत असल्यासारखं पाहिलं. मग गाडी वळली आणि ऊन काचेवर आलं, आणि मला ते दिसेनासे झाले.